खांदेरीच्या अंगानं: मुंबई बंदरात शिरतानाचं एक प्रकरण

जहाजावर अपघात थोडक्यात टळला की एक छापील फॉर्म भरून कंपनीला पाठवायचा असतो. त्यात ‘नुकसान’ असा एक रकाना असतो. कोजागिरीच्या रात्री आमच्या बाबतीत जे घडलं त्याचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी दुपारी भरला आणि त्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं. पाचव्या दिवशी ते बदलावं लागलं.

मी तेव्हा सेकंड ऑफिसर होते. सेकंड ऑफिसरकडे रात्री आणि दुपारी बारा ते चारचा पहारा असतो, आणि मार्ग आखण्याचं कामही. म्हणजे या प्रकरणात जहाज ज्या रेषेवरून चाललं होतं, ती रेषा माझ्या हातची. हे आधीच सांगून टाकते.

जहाज आणि वेळापत्रक

१७० मीटर लांबीचं मालवाहू जहाज, रुंदी २७ मीटर, पाण्याखाली साडेआठ मीटर. यांगूनहून तूर आणि उडीद भरून श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर येत होतो. जायचं होतं इंदिरा डॉकला. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेली ही गोदी बंदिस्त आहे. आत शिरायला लॉक आहे, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा कप्पा, २२८ मीटर लांब आणि जेमतेम तीस मीटर रुंद. आमच्या जहाजाला दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा उरते. भरलेलं जहाज या लॉकमधून भरतीच्या सुमारास आत घेतात, त्यामुळे पायलट, म्हणजे जहाज बंदरात नेणारा वाटाड्या, कधी चढणार हे मुळात समुद्र ठरवतो आणि बंदर ते कागदावर उतरवतं.

आम्हाला मिळालेली वेळ दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीची होती. पायलट सकाळी साडेदहाला. म्हणून वेग कमी ठेवून, किनाऱ्यापासून अकरा मैल बाहेरून येऊन, रात्री दोनच्या सुमारास बाहेरच्या अँकरेजला नांगर टाकायचा असा बेत होता. निवांत बेत. कॅप्टननी तर स्वयंपाक्याला मसाला दूध करायला सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी सात वाजता एजंटचा निरोप आला. आमच्या आधीचं एक जहाज मागे पडलं होतं, रात्रीच्या भरतीला लॉक मोकळं होतं, सव्वादहाला पायलट मिळेल, येता का?

शेवटच्या दोन शब्दांवर नंतर आमची बरीच चर्चा झाली. तो प्रश्न होता, आणि आम्ही तो आज्ञा म्हणून वाचला. आम्हाला उशीर होत नव्हता. बारा तास लवकर आत जायची संधी समोर आली होती, इतकंच. पण आमच्या धंद्यात बारा तास म्हणजे किती पैसे, हे कॅप्टनपासून खलाशापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. जहाजाच्या सुरक्षिततेच्या बाबतीत कॅप्टनचा निर्णय अंतिम, असं आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या संध्याकाळी तो अधिकार वापरायची वेळ आली आहे असंच कुणाला वाटलं नाही. ‘नाही’ म्हणायला काहीतरी बिघडलेलं असावं लागतं, अशी आपली समजूत असते. सगळं तर ठीक होतं. हवा स्वच्छ, समुद्र शांत, चंद्र पूर्ण.

मला लगेच उठवलं. जुन्या मार्गाने पायलटपर्यंत ४६ मैल होते आणि हातात सव्वातीन तास. भरलेल्या जहाजाचा वेग तेरा नॉट, ताशी तेरा सागरी मैल, म्हणजे फार तर ४२ मैल. गणित बसत नव्हतं, म्हणून मी रेषा आत ओढली. अकरा मैलांच्या जागी खांदेरी बेटापासून पाच मैल. ४१ मैल भरले. ईसीडीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या सागरी नकाशावर, हे करायला मला वीस मिनिटं लागली. खोली तपासली, खडक तपासले, बुडालेली जहाजं तपासली. यंत्राने कुठेही लाल खूण दाखवली नाही.

मार्ग आखण्याचे चार टप्पे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेले असतात: माहिती गोळा करून तोलणं, आखणं, अंमल, आणि लक्ष ठेवणं. मी थेट दुसऱ्या टप्प्यावर उडी मारली होती.

जे मला माहीत होतं

माझं आजोळ थळ. अलिबागच्या उत्तरेला, कोळ्यांचं गाव. वाळूवर उभं राहिलं की समोर खांदेरी. चार्टवर तिचं नाव कान्होजी आंग्रे बेट असं आहे, तिच्यावर १८६७ सालचं दीपगृह आहे, पण आमच्या घरात ती खांदेरीच. आजोबा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. भरतीचं गणित त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट कर. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. घड्याळाशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण टाइड टेबल हाताशी नसेल तर या हिशोबावर कुणीही होडी लोटावी. त्या रात्री छापील टेबलात भरती अकरा पन्नासला होती.

डोलीबद्दलही त्यांनीच सांगितलेलं. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, तळाशी पक्कं बांधलेलं, तोंड प्रवाहाकडे. मासा ओढायला बोट लागत नाही, पाणीच मासा आत ढकलतं. म्हणून डोलीची मासेमारी उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते, तेव्हा डोलकर घरी. आणि जाळं उचलायचं ते पाणी थांबल्यावर, भरती-ओहोटीच्या सांध्यात. पाणी जोरात असताना उचलता येत नाही, तेवढा वेळ बोट जाळ्यापाशी बांधून माणसं आडवी होतात. दर्यावर एक जण जागा, बाकी झोपलेले, एक मिणमिणती बत्ती. आणखी एक गोष्ट: उधाणाचं पाणी जोरात असलं की जाळ्याचे बोये ओढले जाऊन पाण्याखाली जातात. ज्या वेळी जाळं सगळ्यात ताठ उभं असतं, नेमकं त्याच वेळी वरून काही दिसत नाही.

आता मांडून बघा. पावसाळ्यातली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपलेली, नारळी पौर्णिमाही होऊन गेलेली, बोंबलाचा हंगाम भरात. पौर्णिमा, म्हणजे उधाण. भरती अकरा पन्नासला, म्हणजे साडेनऊला पाणी अजून जोरात, बोटी जाळ्यांना बांधलेल्या, बोये बुडालेले. खांदेरीच्या पश्चिमेला पाच मैलांवर. हे सगळं त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात होतं आणि भरतीचं कोष्टक माझ्या टेबलावर उघडं होतं. मी ते वाचलं फक्त जहाजाच्या तळाखाली किती पाणी मिळेल हे पाहण्यासाठी.

नऊ चोवीस ते नऊ एकोणतीस

ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, आम्ही पाच जण होतो. कॅप्टन, आठ ते बाराच्या पहाऱ्याचा थर्ड ऑफिसर, लवकर वर आलेली मी, सुकाण्यावर एक तरुण खलाशी, आणि उजव्या विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाहेरच्या सज्जावर, नजर ठेवायला चाचा. चाचा दाभोळचे, दर्यावर पस्तीस वर्षं काढलेले. ड्यूटीवर मला ‘मॅडम’ म्हणत आणि मेसमध्ये ‘बेटा’. कॅप्टन केरळचे, मराठी त्यांना येत नव्हतं. जहाजावरची कामाची भाषा इंग्रजी.

समोर मुंबई उजळलेली होती. दुरून बंदरात येणाऱ्याला हे दृश्य सुंदर वाटतं, पहारेकऱ्याला वैताग. किनाऱ्यावरच्या लाखो दिव्यांत एखाद्या बोटीचा दिवा विरघळून जातो. चंद्र उजवीकडे वर आला होता आणि त्याचा पट्टा पाण्यावर पसरला होता.

रडारवर बारीक बारीक ठिपके होते, रवा सांडल्यासारखे. मी लाटांची खळखळ कमी करायचा नॉब थोडा वाढवला आणि पडदा स्वच्छ झाला. समुद्र शांत होता, खळखळ दिसण्याचं कारणच नव्हतं. लाकडी नि फायबरच्या बोटींचा प्रतिध्वनी मुळात दुबळा, तो मी हाताने पुसला. एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेवर, मोठी जहाजं तेवढी दिसत होती. सगळ्यांची नजर त्यांच्याकडे: न्हावा शेव्यातून बाहेर पडणारं एक कंटेनर जहाज, तेलवाहू दोन, मुंबई हायकडे निघालेल्या पुरवठा बोटी. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची मोठी वाट एकच. ७ ऑगस्ट २०१० ला याच तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक कॅप्टन मोठ्या जहाजांकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. लहानांसाठी डोळे उरत नाहीत.

नऊ चोवीसला चाचा विंगवरून म्हणाले, “उजवीकडे टॉर्च.” मैलभर, जरा जास्तच. कॅप्टननी दुर्बीण लावली. एक बोट, आमच्या नाकाच्या किंचित उजवीकडे. त्यांनी सुकाण्याला दहा अंश डावीकडे घ्यायला सांगितलं. बोट उजव्या अंगाला सोडून पुढे जायचं. पुस्तकात बसणारा निर्णय.

टॉर्च थांबेना. आमच्यावर, मग पाण्यावर, पुन्हा आमच्यावर. थर्ड ऑफिसर हसून म्हणाला, “घाबरलाय.” मी व्हीएचएफ रेडिओवर सोळा नंबरला इंग्रजीत हाक दिली, अक्षांश-रेखांशासकट. एकदा, दोनदा. गप्प.

तेवढ्यात चाचा विंग सोडून आत आले. नजर ठेवणाऱ्याने जागा सोडायची नसते. ते सरळ माझ्यापाशी आले आणि मराठीत म्हणाले, “मॅडम, बत्ती आपल्याला नाही दाखवत तो. आपल्याला दाखवतो नि मग जाळ्यावर फिरवतो. बघा, डावीकडे नेतोय. आपण जाळ्यावर चाललोय.”

मी पाहिलं. टॉर्चचा झोत आमच्यावर यायचा आणि पश्चिमेला, आमच्या पुढ्यातून डावीकडे, सावकाश सरकत जायचा. पुन्हा. पुन्हा.

मी फोन उचलला आणि मराठीत बोलले. “खांदेरीसमोर बत्ती दाखवणारी बोट, मोठ्या जहाजावरून बोलतेय. जाळं कुठल्या बाजूला आहे?”

लगेच आवाज आला. इतक्या लगेच, की तो माणूस सेट हातात धरूनच बसला असणार. “डोल हाय पुढं, लायनीनं. पल्याड बोट हाय, तिची बत्ती गेलीय. तुमी खांदेरीच्या अंगानं जा! खांदेरीच्या अंगानं!”

मी कॅप्टनना एका वाक्यात सांगितलं: डावीकडे जाळी आणि बिनदिव्याची बोट, उजवीकडे मोकळं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाणी?” खांदेरीकडे खोली कमी होत जाते, पण भरतीने तोवर तीनेक मीटर भर घातली होती. “पुरेसं आहे.” “सुकाणं पूर्ण उजवीकडे.”

नऊ अठ्ठावीस. बोट साडेसहाशे मीटरवर. असं जहाज वळवायला घेतलं तरी आधी तीनेक लांब्या पुढे सरकतं, म्हणजे पाचशे मीटर. इंजिन अजून समुद्रातल्या पूर्ण वेगावर होतं, कारण इंजिनरूमला तयार राहायची वेळ मी पावणेदहाची दिली होती. आत्ता जहाज ढकलणारा तळाचा पंखा थांबवावा तर सुकाण्यावर पाणी पडणार नाही आणि जहाज वळणार नाही. चालू ठेवावा तर जे काही खाली असेल ते त्यात जाणार. कॅप्टननी नाक वळेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, वळायला लागल्यावर ‘स्टॉप’ केलं. खालून चीफ इंजिनिअरांचा फोन आला, त्यांचा आवाज मी इथे लिहीत नाही.

बोट आमच्या डाव्या अंगाने गेली, एका केबलवर, म्हणजे १८५ मीटरवर. चंद्रप्रकाशात माणसं दिसली. चौघं उभे होते. टॉर्च आता विझवलेला. पल्याडची बोटही दिसली, काळी, दिव्याशिवाय. जुन्या दिशेनेच गेलो असतो तर ती बरोबर नाकासमोर आली असती.

पायलट वीस मिनिटं उशिरा चढले. भरती गाठली. पहाटे एक वाजता आम्ही लॉकमधून आत होतो. मसाला दुधाचं काय झालं, मला आठवत नाही.

टॉर्चचा नियम

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना ‘कारण’ या रकान्यात थर्ड ऑफिसरने लिहिलं होतं: मासेमारी बोटींना नियमांचं ज्ञान नाही. मी टक्कर टाळण्याच्या नियमांचं पुस्तक काढलं, त्याला दाखवायला म्हणून नव्हे, माझ्या समाधानासाठी.

नियम २६: ट्रॉलरखेरीज मासेमारी करणाऱ्या जहाजाने वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावावा, आणि जाळं दीडशे मीटरच्या पलीकडे पसरलेलं असेल तर ज्या दिशेला ते आहे त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. नियम ३६: दुसऱ्या जहाजाचं लक्ष वेधायचं असेल तर प्रकाशाचा झोत धोक्याच्या दिशेने टाकता येतो, दुसऱ्याचे डोळे दिपणार नाहीत अशा बेताने.

त्या तांडेलाकडे लाल-पांढरे दिवे नव्हते. त्याची चूक तेवढी, आणि बिनदिव्याची बोट ही दुसरी. पण हातातल्या टॉर्चने तो जे करत होता ते नियम ३६ ला धरूनच होतं. ती खूण वाचता आली नाही ती आम्हा प्रमाणपत्रवाल्यांना. शिवाय आम्ही अरुंद खाडीत नव्हतो, उघड्या दर्यावर होतो. तिथे मासेमारी करणाऱ्याला वाट द्यायची जबाबदारी इंजिनावर चालणाऱ्याची, म्हणजे आमची. कॅप्टननी ते वाक्य खोडायला लावलं.

त्यांनी स्वतःबद्दलही लिहिलं, हे मला विशेष वाटलं. चाचा बोलले ती भाषा त्यांना कळत नव्हती, पण विंग सोडून माणूस आत आला याचा अर्थ तरी कळायला हवा होता, असं ते म्हणाले. चाचांना मी विचारलं, इंग्रजीत का नाही सांगितलंत? त्यांना कामापुरतं इंग्रजी येतं. ते म्हणाले, “टॉर्च, शिप, राइट, लेफ्ट एवढं येतं बेटा. ‘जाळ्यावर फिरवतो’ हे कसं सांगू?”

झोपेचा मुद्दाही फॉर्ममध्ये गेला. नियमाप्रमाणे चोवीस तासांत दहा तास विश्रांती हवी, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि एक तुकडा किमान सहा तासांचा. माझे तीन तुकडे झाले होते, सर्वांत मोठा साडेचार तासांचा. कोजागिरीला जागायचं असतं हे खरं, पण ते एका रात्रीपुरतं. या थकव्यावर मी सगळं ढकलणार नाही, कारण नॉब फिरवताना मी चांगली जागी होते. मला पडदा नीटनेटका हवा होता.

पुढच्या खेपेपासून मुंबईच्या मार्गाच्या तक्त्यात मी एक ओळ घालायला लागले: तिथी, उधाण की भांग, पाणी थांबण्याची वेळ. उधाण असेल तर खांदेरीपासून दहा मैल बाहेर, इंजिनरूम तासभर आधी तयार, ब्रिजवर मराठी जाणणारा एक माणूस. नव्या जहाजावरच्या कॅप्टननी तिथीचा रकाना पाहून विचारलं, ही ज्योतिषाची भानगड काय आहे? चंद्राचं वय, सर, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

पाचवा दिवस

माल उतरत गेला तसं जहाज पाण्यातून वर आलं. पाचव्या दिवशी पंख्याचा वरचा भाग उघडा पडला. चाचा जेट्टीवरून पाण्याची खूण वाचत होते, त्यांनी मला हाक मारली. पंख्याच्या मानेला हिरव्या दोराचा वेढा होता. शेवाळ नाही, शिंपले नाहीत, दोर ताजा. लहान होडी घेऊन आम्ही तो कापून काढला. सहा-सात मीटर भरला, टोकाला जाळ्याची वीतभर चिंधी.

कॅप्टननी दुसरा फॉर्म मागवला. ‘नुकसान’च्या रकान्यात लिहिलं: एका डोलीचा दोर व जाळं. मालक सापडला नाही. कंपनीकडून पोचपावती आली.

मी थळला मामाला फोन केला. तो अजून बोटीवर जातो. कोजागिरीच्या रात्री कुणाची डोल गेली का विचार, म्हटलं. नवगावपासून रेवसपर्यंत विचारतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, “बोया कुठल्या रंगाचा होता गं? रंगावरून कळतं कुणाची.”

“बोया नाहीये मामा. नुसता दोर आहे.”

“हिरवा?”

“हिरवा.”

“हिरवा सगळ्यांचाच असतो,” तो म्हणाला.